तिसऱ्या खिडकीची फट

३ नोव्हेंबर

वहिनी,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण आज हात वळत नाही.

काल आईचं पत्र आलं. नेहमीसारखं वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या अक्षरात. आईचे डोळे गेले, पण मजकूर सांगताना तिची जीभ अजून शाबूत आहे. लिहिते, 'खिडक्यांतून वारा असा येतो की मांडीवरची शाल हलते. तुझी वहिनी कामावर गेली की घरात मी आणि वारा, दोघंच.' हे मी वॉर्डात उभ्या उभ्या वाचलं. समोर न्यूमोनियाचे चार म्हातारे. चौघेही 'जरासा गारठा लागला' म्हणून आलेले. चोवीस वर्षं परिचारिका आहे मी, त्यातली नऊ मुख्य परिचारिका. म्हाताऱ्या छातीला गारठा काय करतो ते मला कुणी शिकवायला नको.

गेल्या हिवाळ्यात तुला सांगितलं, खिडक्या बदल. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही सांगितलं. तू दोन्ही वेळा 'हो, बघते' म्हणालीस आणि बघतच बसलीस. दादा असता तर ही वेळच आली नसती.

आता विचारत नाही, कळवते आहे. माझ्या ओळखीचा एक कारागीर तिकडे येईल. जुन्या चौकटी काढून अ‍ॅल्युमिनियमच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवेल. तू फक्त दार उघडायचं. तेवढंही जमत नसेल तर डिसेंबर संपायच्या आत येऊन मी आईला माझ्याकडे घेऊन जाईन. आणि एकदा नेली की परत पाठवणार नाही.

बेबी


११ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र मिळालं. फोन न करता लिहिलंत हे एक बरं केलंत. या घरात फोनवर भांडायची सोय नाही. आईंचे कान असे आहेत की मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं.

तुमचा कारागीर येऊन गेला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. त्याचं काही चुकलं नव्हतं. तोच म्हणाला, चौकटी भिंतीत चुन्याने बसवल्यात, काढायच्या तर भिंत फोडावी लागेल, महिनाभर धूळ. त्या धुळीत आईंना कुठे ठेवू? माळ्यावर?

खिडक्या चार. प्रत्येकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेला सहा तावदानं. लाकूड ऐंशी वर्षांचं आहे आणि अजून त्यात खिळा ठोकला तर खिळा वाकतो. वारा लाकडातून येत नाही, फटींतून येतो. काचा धरून ठेवणारी लांबी सुकून खपल्या पडल्यात. झडपा चौकटीत नीट बसत नाहीत. दुखणं कुठे आहे ते बघून औषध द्यायचं, की रुग्णच बदलून टाकायचा? तुम्ही परिचारिका, तुम्हीच सांगा.

रविवारी मी मेणबत्ती पेटवून एकेका खिडकीच्या कडेने फिरवली. ज्योत वाकली की तिथे खडूने खूण. पहिलीला सात खुणा झाल्या, दुसरीला चार, चौथीला नऊ. तिसरीच्या मी मोजायच्या सोडून दिल्या. आणि आईंची खुर्ची नेमकी तिसरीपाशी. हलवू का म्हटलं, तर म्हणाल्या, 'हात लावून बघ.' तेव्हा खुर्ची आहे तिथेच आहे. खिडक्या मी बुजवणार आहे, माझ्या हातांनी, रविवारी रविवारी. बदलणार नाही.

आणि 'दादा असता तर' हे पुन्हा लिहू नका. तुमच्या दादाला असताना एक खिट्टी बसवायला चार महिने लागले होते. माणूस गेल्यावर कामसू होतो हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. माझ्या माहेरचे अजून म्हणतात, तिथे तुझं कोण आहे, इकडे ये. मी गेले नाही. उपकार म्हणून राहिलेले नाही, ते आधीच सांगते. दिवसभर काम करून आल्यावर 'आलीस का' म्हणायला घरात कुणीतरी लागतं. ते माणूस तुम्ही एका ओळीत उचलून न्यायला निघालात.

तुमची वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

'वन्सं' काय, 'तुम्ही' काय! एवढा मान मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. रागावलीस म्हणजे तुझी भाषा सुधारते, हे एक आहे.

म्हणजे पुस्तकं बांधणारी बाई आता खिडक्या बांधणार. वहिनी, तुझ्या हाताला कसब आहे हे मी कधी नाकारलं नाही. पण फाटक्या वहीला पट्टी लावणं वेगळं आणि आईची छाती वेगळी. तू फटी बुजवत बसशील आणि तेवढ्यात हिवाळा सरेल. किंवा आई सरेल. मला सौम्य बोलता येत नाही, वॉर्डात त्याची सवय मोडली.

तरी तुला संधी देते. सोबत तापमापक पाठवते आहे. तो आईच्या खुर्चीशेजारी टांग, स्वयंपाकघरात चुलीजवळ नाही. मी तुला ओळखते. रोज सकाळी सहाला बघ. अठरा अंशांच्या खाली गेला की मला खरं खरं कळव. मी त्याच दिवशी निघेन.

आणि माझ्यापासून लपवलंस तर मास्तरीणबाई आहेतच.

बेबी


४ डिसेंबर

वन्सं,

तापमापक खुर्चीशेजारीच आहे. आज सकाळी सहाला वीस. काल एकोणीस. आठवडाभरात एकदाही अठराच्या खाली नाही. हे आधी वाचून घ्या, मग बाकीचं वाचा.

तीन रविवार गेले. आधी जुनी लांबी तासून काढली आणि नवी भरली, अठ्ठेचाळीस तावदानांना. अंगठ्याची कातडी गेली. झडपा जिथे चौकटीला टेकतात तिथे नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या मारल्या, त्यामुळे आता कडी लावताना खांद्याने रेटावं लागतं. पहिली, दुसरी आणि चौथीला आतून पारदर्शक जाड प्लॅस्टिक ताणून लावलं. शेजारणीचा केस वाळवायचा ड्रायर आणून त्यावर गरम हवा मारली, तसं ते ताठ झालं. टिचकी मारली तर वाजतं. तिसरीला प्लॅस्टिक नाही लावलं, कारण आई बसल्या बसल्या तिच्यावरून हात फिरवत असतात. तिच्या फटींवर नुसत्या कापडी पट्ट्या चिकटवल्या. दाराच्या उंबऱ्याशी वाळू भरलेली लांबट उशी ठेवली. पडद्यांना जुन्या घोंगड्यांचं अस्तर लावलं.

आता माझी चूक सांगते, कारण मास्तरीणबाई तुम्हाला कळवतीलच. पट्ट्यांचं कापड मी कारखान्यातलं आणलं, पुस्तकाच्या पाठीला लावतो ते. आणि बावीस वर्षांची सवय, हाताने आपोआप मैद्याची खळ शिजवली. बांधणीच्या खळीत आम्ही मोरचूद घालतो, किडामुंगी लागू नये म्हणून. पण ते विष. आई खिडकीवरून हात फिरवतात आणि तोच हात तोंडाला लावतात. म्हणून मोरचूद घातला नाही, आणि फार शहाणपण केलं असं मला वाटलं. चौथ्या दिवशी उंदीर तिसरीच्या खालच्या पट्ट्या खाऊन गेले. पाव किलो मैदा मी त्यांना वाढून ठेवला होता. दुसऱ्यांदा सगळं सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलं.

हसायचं तितकं हसून घ्या. पण मेणबत्ती मी पुन्हा फिरवली आणि ज्योत कुठेही वाकली नाही. घर इतकं शांत झालंय की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पलीकडच्या खोलीत ऐकू येते. बाहेर रस्ता आहे की नाही तेही कळत नाही. असं घर मी लग्न होऊन आल्यापासून अनुभवलं नव्हतं.

तेव्हा आई कुठेही जाणार नाहीत.

तुमची वहिनी


१० डिसेंबर

वहिनी,

उंदरांबद्दल वाचून हसले. नर्सेसना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. मग संध्याकाळच्या टपालाने आईचं पत्र आलं आणि हसू जागच्या जागी थिजलं.

जसंच्या तसं उतरवते. 'बेबी, इथे हल्ली दिवस कधी उजाडतो आणि कधी मावळतो ते कळत नाही. घरात कोण आहे, कोण नाही, तेही कळत नाही. जीव घुसमटतो. हे तुझ्या वहिनीला कळवू नकोस.'

वहिनी, तू तापमापक बघत बसलीस. माणूस कोण बघणार? दिवस-रात्र कळत नाही, घरात कोण आहे ते कळत नाही, असं सांगणारी माणसं मी रोज बघते. त्यांच्या केसपेपरवर आम्ही काय लिहितो ते मला माझ्या आईबद्दल लिहायचं नाही. आणि तू सकाळी आठला जातेस, साडेसहाला येतेस. दहा तास एक आंधळी बाई त्या बंद डबीत एकटी. तू मला अभिमानाने लिहितेस, रस्ता आहे की नाही कळत नाही! लाज वाटायला हवी होती.

'वहिनीला कळवू नकोस' असं आईने का लिहिलं असेल, याचाही जरा विचार कर. मी केला. मला झोप लागली नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळच्या बसने येते आहे. तिचे कपडे भरून ठेव. औषधं वेगळ्या पिशवीत, नावं लिहून. यावर आता वाद नको.

बेबी


१६ डिसेंबर

वन्सं,

वाद नाही. घेऊन जा.

का ते सांगते. तिसऱ्या खिडकीच्या पट्ट्या पुन्हा फाटायला लागल्या होत्या. मी लावायची, दुसऱ्या दिवशी फाटलेली. मला वाटलं, पुन्हा उंदीर. पण उंदीर गोंद खात नाही. आणि उंदीर खुर्चीत बसून हात पोचेल तेवढ्याच उंचीवर, सरळ रेषेत पट्टी सोलत नाही. परवा मी अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले. किल्लीने दार उघडलं. आई खिडकीशी वाकून नखांनी पट्टी काढत होत्या. मन लावून, शेंग सोलावी तशी.

मी आत गेले. अगदी समोर जाऊन उभी राहिले, तरी त्यांचं चालूच. मग म्हटलं, 'काय करताय?' तर अशा दचकल्या की खुर्चीतून पडता पडता वाचल्या. 'कोण? कोण आहे?' म्हणून ओरडायला लागल्या. मी म्हटलं, 'मीच. तुमची शत्रू.'

त्या सोललेली पट्टी मुठीत धरून बसल्या. मी भांडी घासायला घेतली. त्याला दोन दिवस झाले.

म्हणजे मी शिडीवर चढून बुजवायचं, यांनी फाडायचं, आणि वर मास्तरीणबाईंना बोलावून तुम्हाला लिहायचं की जीव घुसमटतो. तुमच्याकडे यायचं होतं तर सरळ म्हणायचं होतं, मी काय पाय धरून बसणार होते? माझा गोंद, माझे रविवार, माझे गुडघे, सगळं फुकट. फुकट गेल्याचंही काही नाही हो. पण मी सहा वर्षं ज्याला घर समजत होते तिथे माझ्या पाठीमागे नखं चालत होती, हे मला सहन होत नाही.

कपडे भरले. बॅग पलंगाखाली आहे. औषधांवर नावं लिहिली. अठ्ठावीसला मी कामावर असेन. किल्ली मास्तरीणबाईंकडे ठेवते.

वहिनी


१९ डिसेंबर

बेबी आणि सूनबाई, दोघींना,

दोघींना एकच पत्र आहे. मास्तरीणबाईंनी मध्ये कार्बन घातलाय, म्हणजे एकीला गोड आणि एकीला कडू असं होणार नाही. दोघींना कडूच आहे. सूनबाई याच घरात असली तरी तिलाही टपालानेच येईल. तोंडावर बोलायला गेलं की ती भांडी घासायला घेते.

तुमची पत्रापत्री मला ठाऊक नाही असं समजू नका. सूनबाई रागात लिहायला बसली की टेबलाचा पाय करकरतो, महिनाभर करकरतोय. बॅग पलंगाखाली ढकलली ती मी ऐकली. न्यायचं, ठेवायचं, भरायचं, पाठवायचं. मी काय कपाट आहे?

आता खिडकीचं. मला थंडी वाजत होती हे खरं. बेबीला तसं कळवलं तेही खरं. कारण बेबीला 'मी बरी आहे' असं लिहिलं तर दोन महिने उत्तर येत नाही. 'थंडी वाजते' लिहिलं की आठवड्यात येतं. पण माझ्या खिडक्या बुजवा किंवा फोडा, असं मी दोघींपैकी कुणालाही म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही. तापमापकाला विचारलंत.

नऊ वर्षं झाली मला दिसत नाही. डोळे गेले तेव्हा मी फार रडले नाही, कारण ती तिसरी खिडकी होती. दुधाचे कॅन आपटले की सहा. समोरचा न्हावी दुकानाचं शटर वर करतो, ते रोज अर्ध्यात अडकतं आणि तो रोज त्याला तीच शिवी देतो, तेव्हा नऊ. शाळा सुटली की एक. पोस्टमनच्या सायकलचं चाक कुईकुई करतं, तेव्हा तीन. कोपऱ्यावरच्या दुकानात सासरा आणि जावई भांडायला लागले की पाच. त्यांच्या घरातलं सगळं मला माहीत आहे, हवं तर सांगेन. आणि साडेसहाला बसथांब्यावरून सूनबाई. तिची डावी चप्पल घासत येते. कोपऱ्यापासून जिन्यापर्यंत एकशेबारा पावलं. दमलेली असली तर एकशेवीस होतात. ती मोजून मी ठरवते, आज तिच्याशी गप्पा मारायच्या की नुसतं 'आलीस का' म्हणून गप्प बसायचं.

घर बुजवलं तसा माझा दिवसच बुजला. ऊब आली, नाही म्हणत नाही. पण त्या उबेत मला सकाळ नाही, दुपार नाही, माणूस नाही. डोळे म्हातारपणाने नेले. कान तुम्ही नेलेत, दोघींनी मिळून, माझ्या भल्यासाठी. बेबी, मी भ्रमिष्ट झालेली नाही. तू चोवीस वर्षं रुग्ण बघतेस म्हणून आईसुद्धा रुग्णासारखी वाचायची का?

त्या दिवशी कानात पट्टीची चरचर होती, रस्त्यावरची पावलं तर बंदच, आणि सूनबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही. ती या घरात आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मी घाबरले. परकं कुणी घरात शिरलं असं वाटलं. तर ती म्हणते, तुमची शत्रू. सूनबाई, त्या शब्दाची माफी मी तुला अजून दिलेली नाही. देईन, पण अजून दिलेली नाही.

मग तेव्हाच तोंडाने का नाही सांगितलं, असं विचाराल. तीन रविवार ती शिडीवर होती. उतरताना गुडघ्याला धरून 'आई गं' म्हणायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. असल्या कष्टांना 'नको' कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणून चोरून फाडल्या. चोरीच केली.

(त्या जागी दुसरा शब्द घाला असं मी सुचवलं, पण ऐकत नाहीत. मी फक्त लेखनिक आहे. सांगितलं तसं लिहिलं आहे. - मास्तरीणबाई)

आता माझा हुकूम ऐका. बाकीच्या तीन खिडक्या बुजवलेल्या असू द्यात, चांगल्या झाल्यात. तिसरीला फट राहील. दोन बोटांची. मी शाल घेईन, दोन शाली घेईन, हवं तर डोक्यावरून घेईन. आणि मी कुठेही येणार नाही. बेबी, तुझ्या गावात रस्त्यावरून कोण चाललंय ते मला कसं कळणार?

दोघींना आशीर्वाद. आज थोडेच आहेत, पुरवून वापरा.

आई


२३ डिसेंबर

बेबी,

पत्र तुलाही मिळालं असेल. मी रजेवर घरी होते, मला पोस्टमनने दारात दिलं, आईंच्या देखत, आणि त्या अशा बसल्या होत्या जणू पत्र कुणा तिसऱ्याच बाईचं आहे. मी जिन्यात जाऊन वाचलं.

बॅग रिकामी केली. माफी मागितली. 'विचार करते,' म्हणाल्या. अजून विचार चालू आहे.

मी फट ठेवलेली नाही. सुताराला बोलावून तिसऱ्या खिडकीच्या खालच्या एका तावदानाला बिजागऱ्या लावून घेतल्या, कडेने नमदा. त्याची दोरी खुर्चीच्या हाताला बांधली आहे. ओढली की उघडतं, सोडली की घट्ट बसतं. दुपारी थंडी वाजली की सोडतात, पाचला भांडण ऐकायला ओढतात. आज सकाळी सतरा अंश होते. तुला खरं खरं कळवते आहे.

वीस वर्षं मी त्या रस्त्याने घरी येते आहे. माझी चप्पल घासते हे मला माहीत नव्हतं. आणि कुणी मोजतंय हे तर नव्हतंच. काल येताना नीट चालायला गेले तर वर गेल्यावर म्हणाल्या, 'पाय दुखतोय का गं?'

तुझा राग मात्र मला आलेलाच आहे, तो गेला असं समजू नकोस. 'बरी आहे' म्हटल्यावर दोन महिने उत्तर नाही! अगं, त्या बाईला तुझ्या दोन ओळींसाठी थंडी वाजवून घ्यावी लागली. तू मला लाज वाटायला हवी म्हणून लिहिलं होतंस ना, आता त्यातली थोडी स्वतःकडेच ठेव.

अठ्ठावीसला ये. न्यायला नाही, नुसती ये. मी रजा घेतली आहे. कोपऱ्यावर उतर आणि पायी ये. तू येणार हे मी आईंना सांगितलेलं नाही.

वहिनी


३ जानेवारी

वहिनी,

पोचले. चार दिवस झाले तरी पत्र लिहायला बसले नाही, कारण बसले की तुझा राग यायचा, मग आईचा, मग स्वतःचा, आणि शेवटच्याशी पोचले की उठून कामाला लागायचे. आज सगळं लिहून टाकते.

तू सांगितलंस तशी कोपऱ्यावर उतरले. मोजत आले. माझी शहाण्णव पावलं झाली, मी भरभर चालते. न्हाव्याच्या दुकानासमोर आले तेव्हा वर बघितलं. ते तावदान उघडंच होतं आणि आतून दोरी धरलेला आईचा हात दिसत होता. मला वाटलं, आता हाक येईल. खरं सांगते, मी चेहरासुद्धा तयार करून ठेवला होता.

आणि वरून आवाज आला, 'कोण गं ही? टाचा आपटत येतेय. आपल्या गल्लीतली नाही.'

तू म्हणालीस, 'असेल कुणीतरी.'

मी जिन्यात थांबले. तुला वाटलं असेल बस उशिरा आली. बस वेळेवर होती, मी पायरीवर बसले होते. माझ्या वॉर्डात लांबून माझ्या टाचा वाजल्या की झोपलेले पेशंट उठून बसतात, पोरी केसपेपर लपवतात. तीस-चाळीस माणसं मला पावलावरून ओळखतात, आणि ती सगळी मला घाबरतात. ज्या बाईने मला बोट धरून चालायला शिकवलं तिला मी गल्लीतली वाटले नाही. तिच्यावर चिडायला काही जागाच नव्हती, म्हणून मी जास्तच चिडले. तीन वर्षांत एकदा येणारीचं पाऊल कोण ध्यानात ठेवणार? तिला माझ्याकडे आणायला निघाले होते मी. माझ्या घरी तरी माझं पाऊल तिला कुठे ओळखू आलं असतं!

मग वर आले. तुला माहीतच आहे काय झालं. माझा आवाज ऐकल्यावर म्हणते कशी, 'मला पावलावरूनच कळलं, बेबी आली म्हणून!' मी म्हटलं, 'तुझे कान म्हणजे कान, आई.' तू खाली मान घालून टेबल पुसत होतीस. पुसलेलंच टेबल. तिघींनी मिळून एवढं मोठं खोटं पचवलं आणि कुणी ढेकरही दिला नाही.

तेव्हा तू तोंड उघडलं असतंस तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं. हे आभार आहेत, तसं वाटत नसलं तरी.

तुझ्या खिडक्या मी हात लावून बघितल्या. चौथीच्या वरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक सुटतंय, ते बघ. बाकी काम चांगलं आहे. मला सांगायचं नव्हतं, पण आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी येते. मार्चमध्येही येईन, आणि एप्रिलमध्येही. रजा कशी काढायची ते माझं मी बघते. बूट हेच घालणार, चाल हीच ठेवणार, उगाच हळू चालून तिला फसवणार नाही. तू मात्र तिला आधी काही सांगू नकोस, तारीखही नको, इशाराही नको. मी कोपऱ्यावर उतरले की ती तुला विचारेल, 'कोण गं ही?' ती विचारतेय तोवर तू आपलं 'असेल कुणीतरी' असंच सांग.

बेबी